कामगार, निराधार आणि सरकारी हक्क: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, ऊसतोडीच्या टोळ्या, हमाल, डिलिव्हरीवाली पोरं, एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि त्यांच्यासाठी तहसीलला चकरा मारणारे कार्यकर्ते, या सगळ्यांकडून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहेत. काही प्रश्न "मला काय मिळेल" असे आहेत आणि काही "सरकारने काय करायला पाहिजे" असे, दोन्ही मुद्दाम एकत्रच ठेवलेत. रकमा आणि अटी जीआर आला की बदलतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आधी कार्यालयात एकदा खात्री करून घ्या.

1. सरकारी मदत आणि हक्क यात फरक काय? शेवटी पैसे मिळाल्याशी मतलब ना?

फरक खूप आहे. मदत सरकारच्या मर्जीवर असते, बंद झाली तर जाब विचारायला जागा नसते. हक्काला कायदा असतो, मुदत असते, आणि नाही मिळालं तर कुणीतरी जबाबदार असतो. महाराष्ट्राने हे देशाच्या आधी करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना सुरू झाली, आणि 1977 ला तिचा कायदा झाला, म्हणजे काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैसा कुठून आणला तर पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन. राज्यघटनेचं कलम 41 म्हातारपण, आजारपण, बेकारी यात सरकारने मदत करावी असं सांगतं, पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्यामुळे नुसत्या त्या कलमावर कोर्टात जाता येत नाही, म्हणूनच प्रत्येक गोष्टीचा वेगळा कायदा व्हावा लागतो.

2. मी कंपनीतच काम करतो पण कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपत्रकावर आहे. मी असंघटित कामगार का?

बहुतेक नाही. पीएफ किंवा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर तुम्ही संघटित मध्ये मोडता, मग ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, प्रश्न 3) वगैरे तुमच्यासाठी नाही. ईएसआय सध्या महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना लागू आहे, त्यात तुमचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के जातात. बरेच जण विचारतात की "पगारातून कापलंय पण कॉन्ट्रॅक्टरने भरलंच नाही, आता काय", तर कापून घेऊन न भरणं हा गुन्हा आहे आणि वसुलीचं काम त्या खात्याचं आहे, तुमचं नाही. पगाराची स्लिप, बँकेची एन्ट्री, गेटपासचा फोटो काहीही जपून ठेवा. मजुरीच बुडवली असेल तर प्रश्न 14 बघा.

3. ई-श्रम कार्ड काढून दोन वर्षं झाली, अजून एक रुपया आला नाही. कधी येणार?

ई-श्रम ही पैसे देणारी योजना नाहीये. 26 ऑगस्ट 2021 ला सुरू झालेली ती नोंदवही आहे, 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांची. 12 आकडी नंबर मिळतो, आणि देशभरात 30 कोटींच्या वर लोकांनी तो काढलाय. पैसे येतात ते त्या त्या मंडळाकडून किंवा योजनेतून, आणि त्याची नोंदणी वेगळी करावी लागते.

आता इथे सरकारला सांगण्यासारखं आहे. एवढ्या लोकांची नावं, वय, काम, बँक खातं सगळं एका ठिकाणी आलंय, तर मग त्याच बाईला बांधकाम मंडळासाठी, रेशनसाठी, निराधार योजनेसाठी प्रत्येक वेळी तीच झेरॉक्स परत का जोडायला लावायची? सरकारकडे जी माहिती आधीच आहे ती नागरिकाकडून पुन्हा मागायची नाही, एवढा एक नियम केला तरी लाखो लोकांची मजुरी वाचेल. तहसीलला एक फेरी म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला, वर गाडीभाडं.

4. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायला काय लागतं?

वय 18 ते 60, मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र, आधार, बँक पासबुक, फोटो. नोंदणीची फी अगदी नाममात्र आहे. गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, प्लंबर, रंगारी, फरशी बसवणारे सगळे यात येतात. नोंदणी झाल्यावर मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला मदत मिळते, कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख आणि नैसर्गिक मृत्यू असेल तर 2 लाख. दरवर्षी नूतनीकरण करायचं विसरू नका, लोक इथेच अडकतात, नोंदणी संपली आणि आठवड्याने माणूस गेला अशा केसेस आहेत आणि मग बायको वर्षानुवर्षं भांडत बसते.

5. 90 दिवसांचं प्रमाणपत्र ठेकेदार देतच नाही. मग?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ठेकेदार का देत नाही तर सही केली की तो कागदावर मालक ठरतो, उद्या अपघात झाला, पीएफ विचारला तर उत्तर त्याला द्यावं लागणार. म्हणून तो म्हणतो बघू नंतर. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचं तर आज एक ठेकेदार, उद्या दुसरा, त्याने 90 दिवसांसाठी कितीजणांच्या पाया पडायचं? अशा वेळी गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा नेमलेला अधिकारी हे प्रमाणपत्र देऊ शकतो. तो टाळाटाळ करत असेल तर तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पुढचं प्रश्न 17 मध्ये.

माझं स्पष्ट मत असं आहे की ही अटच उलटी आहे. इमारतीला बांधकाम परवानगी देताना सरकारला साइट कुठे आहे, बिल्डर कोण आहे, खर्च किती आहे हे सगळं माहीत असतं, तिथून सेससुद्धा (कामगारांसाठीचा उपकर, प्रश्न 7) वसूल होतो. मग त्याच साइटवर कोण कोण काम करतंय याची यादी बिल्डरने द्यायची सक्ती करा ना. यादी नाही तर भोगवटा प्रमाणपत्र नाही. पुरावा गोळा करायची ताकद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून पुरावा मागा, डोक्यावर घमेलं असलेल्या बाईकडून नको.

6. एजंट म्हणतो पैसे द्या, पेटी आणि भांड्यांचा संच लगेच मिळवून देतो. द्यायचे का?

नाही. मंडळाकडून मिळणाऱ्या वस्तूंसाठी एजंटला एक पैसाही द्यायचा नसतो. दुसरं म्हणजे हे एजंट जे कधी बांधकामावर गेलेच नाहीत त्यांचीही नोंदणी करून देतात, आणि मग छाननी सुरू झाली की सगळ्यांचेच अर्ज अडकतात, खऱ्या कामगाराचे पण. एजंट का तयार होतात हेही बघायला पाहिजे. जिथे फॉर्म फक्त ऑनलाइन, सर्व्हर बंद, ऑफिस जिल्ह्याला आणि विचारायला माणूस नाही, तिथे एजंट येणारच. तालुक्याला एक बसलेला माणूस, जो फॉर्म भरून देईल आणि पोच देईल, एवढं झालं की निम्मे एजंट घरी बसतील.

7. सेसचे हजारो कोटी पडून आहेत असं ऐकतो, ते खरं आहे का?

खरं आहे. 1996 च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या 1 टक्का सेस घेतला जातो आणि तो फक्त कामगारांसाठी वापरायचा असतो. मार्च 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला त्यात देशभरात जमा झालेले सुमारे 37,400 कोटी आणि खर्च झालेले सुमारे 9,500 कोटी असे आकडे आले होते. कोर्टाने सरकारांना फार कडक शब्दात सुनावलं. पैसा आहे, कायदा आहे, कामगार समोर इमारतीवर उभा आहे, आणि तरी पैसा पोचत नाही, याचं मूळ प्रश्न 5 मध्येच आहे, नोंदणीचं ओझं चुकीच्या माणसावर टाकलंय.

8. माथाडी मंडळाचं नेहमी कौतुक होतं. त्यात एवढं वेगळं काय आहे?

ते कसं चालतं तेवढं नीट वाचा, कारण या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यात आहे. 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. त्याआधी हमालाला मजुरी टोळीवाल्याच्या हातून मिळायची, किती कापली ते कळायचं नाही, आजारी पडला तर रोज बंद. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांना उभं केलं आणि त्या रेट्यातून हा कायदा आला.

आता यंत्रणा बघा. बाजारातल्या व्यापाऱ्याची नोंदणी मंडळाकडे, हमालाची नोंदणीही मंडळाकडे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. हमालाने पोती उतरवली, त्याची मजुरी व्यापारी हमालाच्या हातात देत नाही, मंडळात भरतो, आणि त्यावर ठराविक टक्के लेव्हीसुद्धा भरतो. मंडळ मजुरी हमालाच्या खात्यात टाकतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना चालवतं. त्यामुळे हमाल सकाळी एका गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्या गाळ्यावर असला तरी फरक पडत नाही, सगळीकडचं एकाच खात्यात जमतं. "मी तुझा मालक नाही" असं म्हणायची सोयच व्यापाऱ्याला राहत नाही. 90 दिवसांचा दाखला मागायची वेळही येत नाही, कारण मजुरी मंडळातून गेली हाच दाखला.

9. मग हेच सगळ्यांना का लागू करत नाहीत?

थोडं केलंय. 1981 ला सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. पण पुढे गाडी थांबली. मालकांचं म्हणणं की लेव्ही जड होते आणि माथाडीच्या नावाखाली काही लोक खंडणी उकळतात. ती तक्रार खोटी नाही, असे प्रकार होतात, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास खऱ्या माथाडीला होतो. त्यावर उपाय पोलिस कारवाई आहे, कायदा पातळ करणं नाही. 2023 ला दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा संघटनांनी म्हणूनच एवढा विरोध केला.

माझ्या मते ज्या कामात काम घेणारे बरेच आणि काम करणारा एकच असतो तिथे सगळीकडे हा साचा चालतो. घरकाम, डिलिव्हरी, ऊसतोड. कोर्टकचेरीत मालक शोधत बसण्यापेक्षा पैसा जातो त्या वाटेवरच मंडळ बसवायचं.

10. घरेलू कामगार मंडळात नोंदणी करून खरंच काही मिळतं का?

मिळतं, पण फार कमी, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. 2008 च्या कायद्याने मंडळ झालं, वय 18 ते 60. वयाची 55 वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत ताईंना 10,000 रुपये सन्मानधन आहे, बाळंतपणाला मदत आहे, नोंदणी चालू ठेवली असेल तरच. पण इथे मालकाकडून माथाडीसारखी लेव्ही घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे मंडळाची झोळी सरकार काय टाकेल त्यावर. चार घरची धुणीभांडी करणारी बाई वीस वर्षं राबते, गुडघे जातात, हाताला साबणाने चिरा पडतात, आणि शेवटी एकदाच 10,000. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये लिफ्टचे, वॉचमनचे पैसे सगळे भरतात, त्यातच घरकामगारांच्या मंडळासाठी महिन्याला छोटी रक्कम घेता येईल, आणि सोसायटीकडे गेटवर बायकांची नोंद असतेच. यादी तयार आहे, फक्त ती कामगाराच्या बाजूने कुणी वापरत नाही.

11. घरमालक अंगलट करतो. तक्रार कुठे करायची? ऑफिससारखी समिती घरात कुठून असणार?

2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे तक्रार करायची, मुदत घटनेपासून 3 महिने, कारण पटलं तर समिती वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर घरकामगाराच्या बाबतीत समितीने 7 दिवसांच्या आत ती पोलिसांकडे पाठवायची असते. थेट पोलिसांत जायचा रस्ता तर उघडा आहेच. एकटीने जाऊ नका, संघटनेची बाई किंवा ओळखीचं कुणी बरोबर घ्या.

12. आम्ही नवरा-बायको दोघं ऊस तोडतो, पण हिशोब फक्त त्याच्या नावाने. माझं नाव कुठेच नाही, असं का?

कारण ऊसतोडीत दोघांना मिळून एक कोयता धरतात. उचल (आगाऊ पैसे) एका कोयत्याची, करार कोयत्याचा, पैसे मुकादमाकडून (टोळी नेणारा) नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे उठून भाकरी करून फडात जाते, तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि कागदावर ती कामगारच नाही. त्यामुळे बाळंतपण, पाळीची सुट्टी, आजारपण हे सगळं "खाडा" ठरतं, आणि खाड्याचे पैसे उलट कापले जातात. बीडमधल्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13 हजारांपेक्षा जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. एक दिवस खाडा परवडत नाही म्हणून अवयव काढून टाकायची वेळ येते, यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे.

सरकारने काय केलंय तर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच राज्याकडून असं ठरलंय. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, म्हणजे तालुक्याला मुलींचं एक आणि मुलांचं एक. चांगलं आहे. पण पहिलं काम याहून साधं आहे, कोयता मोडून दोन माणसं मोजायची. कारखान्याच्या स्लिपवर दोन नावं, दोन खाती, दोन ओळखपत्रं. त्याला खर्च जवळपास शून्य आहे. तोपर्यंत तुम्ही स्वतःच्या नावाने ई-श्रम काढा आणि ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगार म्हणून वेगळी नोंद मागा.

13. सीझन संपला तरी मुकादम म्हणतो उचल फिटली नाही, पुढच्या वर्षी यायलाच पाहिजे. धमक्या देतो. हे कायदेशीर आहे का?

अजिबात नाही. उचल घेतली म्हणून माणसाला बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारी आणि ती 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. 1982 च्या एशियाड मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तर किमान वेतनापेक्षा कमी पैशावर राबवून घेणंसुद्धा सक्तीच्या मजुरीत धरलं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे करायची. 1976 च्या कायद्यात एक फार मोलाची गोष्ट आहे, कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे, कामगारावर नाही. मुक्तता दाखला मिळाला की कर्ज संपतं आणि पुनर्वसनाची मदत मिळते, पुरुषाला 1 लाख, बाई किंवा मूल असेल तर 2 लाख, अतिगंभीर केसमध्ये 3 लाख, तातडीने 30,000 पर्यंत. अडचण अशी की अधिकारी दाखला द्यायला कचरतात, कारण दाखला दिला म्हणजे आपल्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे हे मान्य केल्यासारखं होतं. म्हणून बरोबर संघटना किंवा वकील असू द्या, वकील फुकट मिळतो, प्रश्न 17 बघा.

14. दोन महिन्यांची मजुरी बुडवली. हजेरी वही ठेकेदाराकडे, माझ्याकडे काहीच पुरावा नाही. केस उभी राहील का?

राहील. नवीन कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्याचं केंद्राने जाहीर केलंय. त्यातल्या वेतन संहितेत कलम 59 आहे, मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुम्ही दावा लावायचा, वही त्याने आणायची. दावा 3 वर्षांपर्यंत लावता येतो आणि अधिकारी बुडवलेल्या रकमेच्या 10 पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. ठेकेदार पळून गेला तर ज्याचं काम होतं त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते. संहितांमधल्या बऱ्याच गोष्टींवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात, तपासणी ढिली झालीय ते तर नक्की, पण हे कलम चांगलं आहे आणि वापरलं पाहिजे. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं, साइटचा फोटो, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज, फोनपेच्या एन्ट्री, जे असेल ते जोडा.

15. कामावर माणूस गेला, मालक 2 लाख देऊन मिटवा म्हणतोय. किती मिळायला पाहिजे?

घाईत सही करू नका. ईएसआय असेल तर घरच्यांना तिथून पेन्शन. नसेल तर नुकसानभरपाईचं सूत्र आहे, जुन्या 1923 च्या कायद्यातलं, तेच आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. मृत्यूसाठी महिन्याच्या वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. 30 वर्षांच्या माणसाचा आकडा 207.98 आहे, वेतन 15,000 धरलं तर 7,500 गुणिले 207.98 म्हणजे 15,59,850 रुपये. 2 लाख कुठे आणि हे कुठे. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. "तो प्यायलेला होता" हे कारण मृत्यूच्या केसमध्ये भरपाई नाकारायला चालत नाही. बांधकाम मंडळाचे 5 लाख (प्रश्न 4) याच्या जागी नाहीत, ते वेगळे मागायचे.

16. आईला संजय गांधी योजना नाकारली, उत्पन्न जास्त म्हणे. आणि लाडकी बहीण घेतली तर हे मिळतं का?

संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा 21,000 आहे, दिव्यांगांना 50,000. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात कुणाचं घर चालतं? लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाख आहे. महिन्याला 1,500 रुपये दोन्हीकडे, पण निराधार विधवेला 21,000 च्या आत असल्याचा दाखला आणावा लागतो, हे कुठल्याही न्यायाने बसत नाही. मर्यादा वाढवा ही मागणी वर्षानुवर्षं आहे. केंद्राचा वृद्धापकाळ पेन्शनमधला वाटा तर 80 वर्षांखालच्यांना अजून महिना 200 रुपयेच आहे, दीड दशकाच्या वर तेवढाच.

दोन्ही एकत्र मिळत नाहीत, दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा जास्त मिळत असेल तर लाडकी बहीण लागत नाही. वय 65 च्या पुढे गेलं की लाडकी बहीण थांबते, मग श्रावणबाळ योजनेसाठी (निराधार म्हाताऱ्यांची पेन्शन) अर्ज करायचा, आणि तिथे परत 21,000 ची अट आडवी येते. त्यामुळे 64 व्या वर्षीच कागद जमवायला घ्या. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.

17. अर्ज देऊन सहा महिने झाले, कुणी उत्तर देत नाही. पुढे काय?

सेवा हक्क कायदा 2015 प्रमाणे अधिसूचित सेवांना (उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला वगैरे) मुदत ठरलेली आहे. मुदत गेली की पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 दंड होऊ शकतो. मंडळाच्या अर्जासाठी माहिती अधिकारात एवढंच विचारा: माझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे आणि कुठल्या तारखेपासून. बऱ्याचदा या एका ओळीने फाइल हलते. कोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, सगळ्या बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, दिव्यांगांना, औद्योगिक कामगारांना आणि वेठबिगारीतून सुटलेल्यांना, उत्पन्नाची अट न लावता. हेल्पलाइन 15100.

18. सिमेंटने बोटं घासलीत, रेशन दुकानात अंगठा लागत नाही. दुकानदार परत पाठवतो.

परत पाठवू शकत नाही. गवंड्यांचं, बिगाऱ्यांचं आणि म्हाताऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा, डोळ्याचं स्कॅन, मोबाइलवर ओटीपी असे पर्याय आहेत, आणि आधार जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नका असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना लेखी कळवलंय. नाकारलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या. कामासाठी बाहेरगावी असाल तर वन नेशन वन रेशनमुळे तिथल्या दुकानातूनही धान्य घेता येतं, घरचे गावी आणि तुम्ही बाहेर असाल तर वाटूनही घेता येतं. पण नवीन नाव चढत नसेल तर दोष तुमचा नाही, अन्न सुरक्षेचा कोटा अजूनही 2011 च्या जनगणनेवर ठरलेला आहे.

19. मी अॅपवर डिलिव्हरी करतो. कंपनी म्हणते तू पार्टनर आहेस, कामगार नाहीस. मग मला काहीच नाही?

सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची (तुमच्यासारखं कायम नोकरीशिवाय काम करणाऱ्याची) व्याख्या आलीय आणि कंपनीने उलाढालीच्या 1 ते 2 टक्के (तुम्हा लोकांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत) निधीत भरायचं असं आहे. राजस्थानने 2023 ला आणि कर्नाटकने 2025 ला स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राकडे तर माथाडीचा 1969 पासूनचा अनुभव आहे, आणि अॅपवर प्रत्येक ऑर्डरची नोंद आपोआप होते, म्हणजे लेव्ही कापणं हमालाच्या पोत्यापेक्षा सोपं. तोपर्यंत ई-श्रमवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद करून ठेवा.

20. आम्ही बीडचे, पण टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलीय. तिथे काही झालं तर महाराष्ट्र सरकार जबाबदार का?

अवघड केस आहे. टनामागे 10 रुपये महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडून घेतले जातात, कर्नाटकातल्या कारखान्यावर आपलं सरकार ते लावू शकत नाही. मजुरी आणि अपघाताचा दावा तुम्ही काम जिथे केलं तिथे लावता येतो. अपघात भरपाईचा दावा मात्र घरचे राहतात त्या जिल्ह्यातही लावता येतो, तेव्हा वारसांनी परराज्यात खेटे घालायची गरज नाही. रेशन तिथे घेता येतं (प्रश्न 18). वेठबिगारीची तक्रार तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे करा आणि एक प्रत बीडच्या जिल्हाधिकाऱ्याला पाठवा. निघायच्या आधी कारखान्याचं नाव, मुकादमाचं पूर्ण नाव, उचलीची रक्कम आणि टोळीतल्या सगळ्यांची नावं, बायकांचीसुद्धा, एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्या, शिक्का मारून पोच घ्या आणि त्याचा फोटो गावातल्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.